आईच्या बोटांचे ठसे उमटेनात: घरच्या पाळणाघराच्या परवान्यासाठी घेतलेल्या मदतीबद्दल

संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीसाठी 'रिसोर्स अँड रेफरल' एजन्सी असते. पालकांना परवानाधारक पाळणाघरांची यादी देणं आणि नवीन पाळणाघर काढू पाहणाऱ्यांना हात देणं, ही तिची कामं. मी फ्रीमॉन्टला राहते. तुम्ही आर्व्हाइनला असाल तर आमच्या इथल्या संस्थेचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही, तुमच्या काउंटीतलीच शोधावी लागेल. तिथे काय मागायचं, कशाची अपेक्षा ठेवायची नाही आणि कुठे आपलं आपणच डोकं चालवायचं, हे कळावं म्हणून हा रिव्ह्यू.

मी मूळची कराडजवळची. लग्नाआधी पतपेढीत नोकरी, इथे आल्यावर एच-४, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या बायकोला मिळतो तो व्हिसा. २०१५ पासून आमच्यासारख्यांना वर्क परमिट मिळायला लागलं, पण त्यासाठी बहुतेकींना नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज, मंजूर व्हावं लागतं. ते होईपर्यंत माझी सहा वर्षं पोळ्या लाटण्यात आणि लायब्ररीच्या स्टोरी टाइमला बसण्यात गेली. मग शेजारणीचं बाळ सांभाळायला घेतलं. एकाच कुटुंबाची मुलं सांभाळायला इथे परवाना लागत नाही, हे मला ठाऊक होतं. मंडळाच्या गणपतीत दुसऱ्या एकीने विचारलं, "ताई, आमचीला पण ठेवाल का?" मी हो म्हणून टाकलं. घरी येऊन वाचलं तर दुसऱ्या कुटुंबाचं मूल आलं की परवाना हवाच. दुसऱ्या दिवशी तिला नाही म्हणताना मला जी लाज वाटली, तिच्यापायी मी संस्थेला फोन केला.

फोन उचलणाऱ्या बाई स्वतः ग्वाटेमालातून आलेल्या. चौदा वर्षं त्यांनी घरात पाळणाघर चालवलेलं. पुढे त्याच माझ्या कोच झाल्या. पहिल्या फोनवर त्यांनी माझ्या व्हिसाबद्दल एकच प्रश्न विचारला: स्वतःचा व्यवसाय करायची परवानगी आहे ना? एच-४च्या परमिटवर ती असते. त्यांना एच-४ म्हणजे काय हे नीट माहीत नव्हतं, पण वकिलाला विचारून ये म्हणाल्या आणि मनाने काही ठोकून दिलं नाही. मला हे आवडलं.

परवान्याचं काम सोशल सर्व्हिसेस खात्याच्या 'कम्युनिटी केअर लायसन्सिंग' विभागाकडे असतं. आधी २५ डॉलर भरून ऑनलाइन ओरिएंटेशन, मग अर्ज. लहान पाळणाघराची अर्जाची फी ७३ डॉलर, पुढे दरवर्षीही तेवढीच. आणि अर्ज कुठला, तर एलआयसी २७९. गुन्हेगारी नोंदीचं निवेदन एलआयसी ५०८, आपत्तीची योजना एलआयसी ६१०ए, मुलाच्या आपत्कालीन माहितीचा एलआयसी ७००. ढीगभर फॉर्म आणि प्रत्येकावर एलआयसी! लायसन्सिंगमधलंच ते एलआयसी, पण मला दर वेळी कराडच्या आमच्या एजंटकाकांची आठवण यायची. ते आता मागून येऊन "वहिनी, इथे सही" म्हणतील असं वाटायचं.

संस्थेचे शनिवारचे वर्ग फुकट होते. इंग्रजी, स्पॅनिश आणि मँडरिनमध्ये. मराठी सोडाच, हिंदीही नाही. माझं निभावलं, पण माझ्या बॅचमधल्या एका पंजाबी मावशींना मुलं सांभाळण्याचं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं आणि 'अ‍ॅफिडेव्हिट' या शब्दापाशी त्या थांबल्या. तो फॉर्म साधा आहे. तुम्ही जबाबदारीचा विमा काढला नसेल, तर तसं पालकांना सांगून त्यांची सही घ्यायची, एलआयसी २८२. कोणी दोन मिनिटं पंजाबीत सांगितलं असतं तर त्या आज पाळणाघर चालवत असत्या. चौथ्या शनिवारपासून त्या आल्या नाहीत. संस्थेने त्यांना फोन केला की नाही, मला माहीत नाही. करायला हवा होता. माझा एक तारा इथे कमी झाला.

१६ तासांचा आरोग्य-सुरक्षेचा कोर्स आणि त्यातलंच बाहुलीच्या छातीवर दाबून शिकायचं सीपीआर याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांनाच करावं लागतं. बालशोषणाचा संशय आला तर कळवण्याची जबाबदारी समजावणारा कोर्स ऑनलाइन आहे, फुकट आहे. तो आणि सीपीआर दर दोन वर्षांनी पुन्हा. एवढंच सांगते, सीपीआरचं कार्ड राज्याने मान्य केलेल्या कोर्सचंच हवं. माझ्या मैत्रिणीने स्वस्तातला ऑनलाइन केला आणि पैसे पाण्यात गेले.

टीबीची तपासणी मात्र आपल्या लोकांनी नीट वाचावी. आपल्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो. त्यामुळे कातडीखाली सुई टोचून करतात ती टेस्ट टीबी नसतानाही सुजून येऊ शकते, आणि मग एक्स-रे, डॉक्टरची चिठ्ठी, पुन्हा अपॉइंटमेंट. कोच बाईंनी आधीच विचारलं होतं, "तुमच्याकडे लहानपणी ती लस देतात ना? मग सरळ रक्ताची टेस्ट माग." मागितली, दोन दिवसांत काम झालं. छापील यादीत ही ओळ नाही. यादी करणाऱ्याच्या दंडावर व्रण नसावा.

आता आईची गोष्ट. ती मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी आली होती. आई सत्तावीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. चाळीस-चाळीस मुलं, एक मदतनीस, पोषण आहाराची मोठी पातेली, वजनकाटा आणि रजिस्टरांची चळत. तिला वाटलं, लेकीचं पाळणाघर म्हणजे आपलंच काम. पण घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाचे ठसे द्यावे लागतात. नवरा, मी आणि सहा महिने मुक्कामाला आलेली आई. आमचे दोघांचे ठसे एका दिवसात गेले. आईचे परत आले. पुन्हा दिले, पुन्हा परत. मशीनवरचा मुलगा तिची बोटं पुसून पुसून काचेवर ठेवत होता आणि स्क्रीनवर नुसता पांढरा डाग. आई म्हणाली, "अगं, भांडी घासून आणि शेणानं सारवून गेलेत ते. आधारला पण असंच झालं होतं."

इथे मी अर्ज सोडून द्यायच्या बेतात होते. कोच बाईंनी सांगितलं की ठसे दोनदा नाकारले गेले की नावावरून तपासणी मागता येते. कोणाला फोन करायचा, काय वाक्य बोलायचं, हेही लिहून दिलं. त्याला वेळ लागला, जवळजवळ सात आठवडे, पण झालं. या एका गोष्टीसाठी मी संस्थेला कितीही तारे द्यायला तयार आहे. म्हाताऱ्या कष्टकरी बाईचे ठसे उमटत नाहीत, हे सरकारी पानावर कुठे सापडणार?

दुसरी गोष्ट त्यांनी कठोरपणे सांगितली. आई व्हिजिटर व्हिसावर आहे, म्हणजे तिने पाळणाघरात मदतनीस म्हणून एक मिनिटही काम करायचं नाही. घरात राहू दे, जेवू दे, टीव्ही बघू दे. ऑगस्टमध्ये पहिलं बाळ आलं, तीन दिवस रडलं. आई बेडरूमच्या दारात उभी, पदराशी चाळा करत. मी बाळाला पाठीवर झोपवत होते, कारण वर्षाखालच्या बाळाला इथे पाठीवरच झोपवायचं असतं. पांघरूण नाही, उशी नाही, खेळणं नाही. गुंडाळायचं तर अजिबात नाही. मोकळ्या पाळण्यात नुसतं बाळ, आणि दर पंधरा मिनिटांनी जाऊन बघायचं, कागदावर लिहायचं. आई हळूच म्हणाली, "दुपट्यात घट्ट बांध, पाच मिनिटांत झोपेल." तिचं खरंच होतं. पण नियमही उगाच नाही, तोंडावर कापड येऊन झोपेत बाळं गेली आहेत म्हणून तो झाला. मी आईला तो कागद वाचून दाखवला. "पंधरा मिनिटांनी रजिस्टर?" ती म्हणाली, "म्हणजे आमच्यापेक्षा जास्त रजिस्टरं तुम्हाला."

घराच्या तपासणीआधी संस्था एक लुटुपुटीची तपासणी करते. ही सगळ्यात मोलाची सेवा आणि बरेच जण ती मागतच नाहीत. मागा. मी घर चकाचक करून ठेवलं होतं. धूर ओळखणारं यंत्र, कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र, २ए१०बीसी लिहिलेला आग विझवायचा सिलिंडर, सगळं जागेवर. ब्लीच कुलपात. कोच बाई आल्या आणि थेट देवघरापुढे थांबल्या. काडेपेटी खालच्या कप्प्यात, समई मुलाच्या हाताशी, आणि वाटीत कापूर. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. माझं स्वतःचं मूल त्या वाटीशेजारी रांगलं होतं! मग त्यांनी कुंकवाची डबी उघडायला सांगितली. काही शेंदरात आणि काजळात शिसं सापडलेलं आहे, ते मुलांच्या हाती लागू देऊ नकोस म्हणाल्या. पुढे स्वयंपाकघर. ओट्याखाली विळी. "हे काय?" मी बसून त्यांना नारळ खवून दाखवला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "फार सुंदर वस्तू आहे. कुलपात ठेव." देव आता वरच्या फळीवर आहेत. आईने जाईपर्यंत रोज स्टुलावर चढून पूजा केली.

खऱ्या तपासणीला आलेल्या अधिकारी बाई तासाभरात गेल्या. त्यांनी विळी पाहिलीच नाही. पुढच्या तपासण्या न सांगता होतात, त्यामुळे विळी अजून कुलपातच.

घरमालकाचं प्रकरण. आम्ही भाड्याने राहतो. मालकाला सांगितलं तर तो सरळ नाही म्हणाला. मी घाबरले. कोच बाईंनी समजावलं की इथे 'कळवणं' आणि 'परवानगी मागणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२० पासून लागू झालेल्या एसबी २३४ कायद्यामुळे घरातलं पाळणाघर म्हणजे घराचा राहण्यासाठीचाच वापर धरला जातो, आणि मालक ते अडवू शकत नाही. तीस दिवस आधी लेखी कळवायचं, त्याचा फॉर्म एलआयसी ९१५१. मालकाची संमती लागते ती लहान पाळणाघरात सहाऐवजी सात-आठ मुलं घ्यायची असतील तर. मी सहाच घेणार होते. रीतसर पत्र पाठवलं, सोबत दिवाळीचा फराळ. दोन्हींपैकी कशाने काम झालं माहीत नाही.

एवढं सगळं उत्तम. आता तक्रारी.

संस्था परवाना मिळेपर्यंत बोट धरते आणि मग धंद्याच्या वेळी हात सोडते. व्यवसायाचा म्हणून एकच शनिवार होता, त्यातला अर्धा वेळ 'तुमचं स्वप्न कागदावर उतरवा' यात गेला. मी फुलपाखरू काढलं. कराबद्दल एक स्लाइड. घरात पाळणाघर चालवणाऱ्यांना भाडं, वीज, पाणी यांचा काही भाग खर्चात दाखवता येतो, आणि त्यासाठी ती जागा फक्त धंद्यासाठीच वापरली पाहिजे अशी सक्ती नाही, नेमाने वापरात असली की पुरे. हिशेब असा: आमच्या १,२०० चौरस फुटांपैकी ८०० मुलांच्या रोजच्या वापरात, म्हणजे दोन तृतीयांश. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी साधारण ३,००० तास पाळणाघराचे, म्हणजे ३४ टक्के. दोन्हींचा गुणाकार जवळपास २३ टक्के. भाड्याचा तेवढा हिस्सा खर्च. आणि त्या तासांत मुलं गेल्यानंतर मी केलेली साफसफाईही धरायची. हे मला पाच महिन्यांनी दुसऱ्या पाळणाघरवाल्या बाईंनी सांगितलं. तोवर साफसफाईचे तास मी लिहिलेच नव्हते. १५.३ टक्के स्वयंरोजगार कर आणि तो तिमाहीने आगाऊ भरायचा असतो, हेही असंच उशिरा कळलं. सप्टेंबरची तारीख गेली, जानेवारीची गेली. नवऱ्याच्या पगारातून कर कापला जात होता म्हणून निभावलं. एकटी कमावणारी बाई असती तर?

दुसरी तक्रार त्यांच्या नमुना बजेटची. त्यात सहा मुलं दाखवली होती, तीन तान्ही आणि तीन मोठी, त्यांतली दोन चार वर्षांची. कागदावर छान दिसतं. पण लहान पाळणाघरात सहा मुलं घेतली तर दोन वर्षांखालची तीनच चालतात, आणि स्वतःचं दहा वर्षांखालचं मूलही त्या सहांत मोजलं जातं. माझी मुलगी सात वर्षांची, म्हणजे विकण्यासारख्या जागा पाचच. त्यात २०२५-२६ पासून कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत चार वर्षांच्या सगळ्या मुलांना ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष, फुकट. माझ्या पाळणाघरातली चार वर्षांची दोघं ऑगस्टमध्ये शाळेत गेली. जायलाच हवीत, फुकट आहे. पण हा बदल टप्प्याटप्प्याने येणार हे आधीच ठरलेलं होतं. मग बजेटात ती दोन मुलं कशाला ठेवली? मी वर्गात हे विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं कदाचित. मला विचारायचं सुचलं नाही. नव्या माणसाला कुठून सुचणार!

जेवणाचं मात्र चांगलं झालं. केंद्र सरकारची मुलांच्या आहाराची योजना आहे, सीएसीएफपी. स्पॉन्सर संस्थेमार्फत नाव नोंदवलं की दिवसाला दोन जेवणं आणि एक खाऊ यांचे पैसे परत मिळतात. मला वाटलं होतं, सँडविच करावं लागणार. पण जेवणात दूध, प्रथिनं, भाजी, फळ आणि धान्य असं पाचही हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. डाळ प्रथिनांत धरता येते, गव्हाची पोळी पूर्ण धान्यात. वरण, पोळी, गाजराची कोशिंबीर, केळं, दूध. आईने मेनू वाचला आणि म्हणाली, "हे तर आमच्या पोषण आहाराचंच पत्रक."

पैशांचं शेवटी लिहिते, कारण तेच मला सगळ्यात अवघड गेलं. मी महिन्याला ९०० डॉलर लावले. आपलीच माणसं, ताई म्हणतात, काकू म्हणतात. एकीने सहाची वेळ असताना पावणेसातला येऊन "काकू, तुम्ही तर घरीच असता ना" असंही म्हटलं. जानेवारीत कोच बाईंचा चौकशीचा फोन आला. त्यांनी कागद-पेन घ्यायला सांगितलं. चार मुलं, ३,६०० डॉलर. खर्च ९०० वजा. उरले २,७००. आठवड्याला साठ तास, म्हणजे महिन्याला २६०. भाग दे. तासाला साडेदहासुद्धा धड येईनात, आणि त्या वेळी राज्याचं किमान वेतन १६.५० डॉलर होतं. फोनवर मी गप्प. त्या म्हणाल्या, "तू स्वतःला कामावर ठेवलंस आणि कायद्यापेक्षा कमी पगार देतेस."

आईला सत्तावीस वर्षं जे मिळालं त्याला कागदोपत्री 'मानधन' म्हणत. पगार कधीच नाही. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी करार नव्याने लिहिला: नवा दर, उशिराचे दर पंधरा मिनिटांना वेगळे पैसे, माझ्या सुट्ट्यांचे दिवस. दोन कुटुंबं नाराज झाली, एक सोडून गेलं. त्यांची जागा संस्थेच्याच रेफरल यादीतून आलेल्या एका व्हिएतनामी कुटुंबाने तीन आठवड्यांत भरली. ते मला काकू म्हणत नाहीत आणि वेळेवर येतात.

हा फोन कोर्सचा भाग नव्हता, हे लक्षात घ्या. कोच चांगली मिळाली म्हणून झाला. माझ्या बॅचमधल्या दुसऱ्या एकीच्या कोचने परवान्यानंतर एकदाही फोन केला नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घ्या: परवान्यानंतर किती महिने सोबत आहात? कराचं कोण बघेल? घरी येऊन खोटी तपासणी कराल का? पाचपैकी चार तारे. त्यातले दोन तर त्या बाईंचेच.

पुढच्या महिन्यात आम्ही घर बदलतोय. परवाना पत्त्याला असतो, माणसाला नाही, त्यामुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून. एलआयसी २७९ टेबलावर आहे, नव्या मालकाचं ९१५१ गेलंय. आईचंही तिकीट काढलंय. काल फोनवर म्हणाली, "या वेळी महिनाभर आधीपासून बोटांना तूप लावते. भांडी घासायला बाई लावलीय."